जुनी, हलकी आणि पळणारी

मराठवाड्यातल्या आमच्या वालूरमध्ये वस्तूची किंमत काट्यावर ठरते. कापूस क्विंटलवर जातो, सोयाबीन क्विंटलवर जातं, आणि मोडलेली मोटारसायकलसुद्धा भंगारवाला आधी काट्यावर चढवतो, मग तोंड उघडतो. जेवढं जड तेवढे पैसे, हा हिशेब इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. म्हणूनच चाकणला मोटारीच्या कारखान्यात नोकरीला असलेला आमचा भाचा दिवाळीला आला आणि त्यानं जे सांगितलं, ते गावाच्या पचनी पडेना. त्याला एक जुनी मोटार घ्यायची होती. दोनच माणसं बसणारी. मागची सीट नाही, डोक्यावर धड टप नाही, डिकीत बाजाराची पिशवी मावली तर नशीब. आणि या सगळ्या गोष्टी नाहीत म्हणूनच ती महाग.

"म्हंजे जे जे काढून टाकलं त्याचे पैसे लावतेत?" पारावरच्या आबांनी विचारलं.

"तसंच समजा."

"मंग आपल्या ट्रॅक्टरचं बॉनेट औंदा कुठंतरी पडलंय. त्याचं बी वाढवून घेऊ."

भाच्यानं पुढचं सांगितलं तेव्हा पारावरची उरलीसुरली माणसंही सरकून जवळ आली. ही गाडी ऑफिसला न्यायची नाही, लग्नाला न्यायची नाही, सासुरवाडीला तर नाहीच नाही. अधूनमधून एखाद्या दिवशी ती शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, तिथं पैसे भरायचे, हेल्मेट घालून गोल गोल फिरवायची आणि परत आणायची. या दिवसाला 'ट्रॅक डे' म्हणतात. बक्षीस नाही, नंबर नाही, फेटा नाही. मागच्या वेळी एका फेरीला जेवढे सेकंद लागले त्याहून या वेळी अर्धा सेकंद कमी लागला, तर माणूस आनंदानं घरी येतो. जास्त लागला, तर टायर बदलतो.

एवढं ऐकून आबांचा चेहरा उजळला. "असं सांग ना मग! पटाची जोडी घेऊलालास. मोटार-मोटार काय लावलंस मघापासून?"

तिथून पुढं तो व्यवहार भाच्याचा राहिला नाही. मराठवाड्यात ज्यानं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बघितला आहे त्याला पळणाऱ्या जुन्या वस्तूबद्दल सल्ला द्यायचा जन्मसिद्ध अधिकार असतो, आणि तो बजावण्यासाठी मोटार चालवता येण्याची गरज नसते.

भाच्यानं तरी बाजू लावून धरली. त्यानं लोटस नावाच्या इंग्रज कंपनीची कथा सांगितली. कॉलिन चॅपमन या इंजिनियरनं ती १९५२ मध्ये काढली. त्याचं सगळं आयुष्य गाडीचं वजन घटवण्यात गेलं. इंजिन मोठं केलं की गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण वजन घटवलं की ती सगळीकडंच पळते, असा त्याचा सिद्धांत. हलकी गाडी उशिरा ब्रेक मारला तरी थांबते, वळणावर सहजी बाहेर फेकली जात नाही, आणि टायर-ब्रेकही कमी खाते. १९५७ मध्ये त्यानं 'सेव्हन' काढली. तिला दरवाजे म्हणावेत असं काही नव्हतं. चॅपमन गेल्यावरही कंपनीनं वसा टाकला नाही. १९९६ मध्ये 'एलिस' आली. कंपनीच्या तेव्हाच्या इटालियन मालकाच्या नातीचं नाव गाडीला दिलं होतं. वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या डिंकानं चिकटवून सांगाडा केलेला, खिडक्या हातानं फिरवायच्या, खाली गालिचा नाही.

"डिंकानं?" एकानं विचारलं.

"विमानाला लावतात तसला, मामा."

आबांना यात नवल वाटलं नाही. बाजाराला जाणारी बैलगाडी निराळी आणि पटाचा छकडा निराळा, हे चॅपमनच्या कितीतरी आधीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. बाजाराच्या गाडीला साठा असतो, साट्या असतात, खाली गवताची पेंढी, वर घरधनीण आणि तिची दोन पोरं. पटाच्या छकड्याला जू, दांडी, आख आणि दोन चाकं. त्यावर धुरकऱ्यानं, म्हणजे हाकणाऱ्यानं, पाय रोवायचे. बसायची सोय नाही, पडायची मात्र भरपूर आहे. दोन माणसांनी उचलून टेम्पोत टाकावा इतकाच तो. त्यावरची एक फळी कमी करायची म्हटलं तर सुतार जास्तीचे पैसे मागतो. म्हणजे चॅपमनचं अर्थशास्त्र इथल्या सुतारालाही कळलेलं आहे. त्यानं कारखाना काढला नाही, एवढंच.

मग गुरुजी मध्ये पडले. गुरुजींकडं मारुती ८०० आहे. देशातली पहिली मारुती १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकाला मिळाली. ही ती नव्हे, पण तिच्याकडं बघून कुणाला तशी शंका आली तर त्याचा दोष नाही. गुरुजींनी हिशेब मांडला. एलिसचं वजन सव्वासातशे, मारुती ८०० चं साडेसहाशेच्या घरात. म्हणजे इंग्रजांनी आयुष्य घालवून जे साधलं त्याहून हलकी गाडी आपल्याकडं तालुक्याच्या गावी उभी असते. शिवाय गुरुजींच्या गाडीतून रेडिओ, गालिचा, डावीकडचा आरसा आणि मागच्या सीटचा स्पंज काळानं आधीच काढून नेलेला असल्यामुळं ती कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षाही हलकी झालेली. "तुला बिनशर्त देतो," गुरुजी म्हणाले, "फक्त धक्का मारायला माणसं तुझी."

भाचा हसला, पण गुरुजी अगदीच हवेत बोलत नव्हते. आपल्याकडच्या शर्यतींत कित्येक वर्षं मारुतीच्या साध्यासुध्या गाड्याच आतून सोलून पळवल्या गेल्या. परदेशी गाडी आणायची फारशी सोय नव्हती. आजही ती सोय अशी आहे की ऐकून माणसानं बैल घ्यावा. परदेशातून जुनी मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडं लागतं, आणि जकात भरता भरता गाडीच्या किमतीएवढी दुसरी रक्कम कधी उभी राहिली ते कळत नाही. २०२५ पासून एक सवलत मिळाली आहे. पन्नास वर्षांहून जुनी असेल तर हौसेची म्हणून आणता येते. म्हणजे सरकारला गाडी एकतर दुधाच्या दातांची हवी नाहीतर आजोबा झालेली. मधल्या वयाची नको. हे ऐकून पारावरची मधल्या वयाची मंडळी थोडी गप्प झाली.

मग लोटस भारतात आलीच नाही का? आली, २०२३ च्या नोव्हेंबरात. दिल्लीत दुकान थाटलं. आणि हलकेपणाचं व्रत घेतलेल्या या कंपनीनं भारतात आल्या आल्या पहिली गाडी कुठली मांडली, तर 'एलेट्रे' नावाची बॅटरीवरची एसयूव्ही. किंमत तेव्हा अडीच कोटींच्या वर आणि वजन अडीच टनांच्या घरात. एक कोटीला एक टन, असा भाव पडतो. वालूरच्या काट्यावर हा हिशेब चटकन बसला. सगळ्या चर्चेत गावाला पटलेली परदेशी गाडी ती एकच.

यावर आबांनी सांगली जिल्ह्याचा दाखला काढला. तिकडं २०२५ च्या नोव्हेंबरात श्रीनाथ केसरी नावाची बैलगाडी शर्यत झाली. पहिलं बक्षीस फॉर्च्युनर. जिंकणाऱ्या बैलांची नावं 'हेलिकॉप्टर बैज्या' आणि 'ब्रेक फेल'. उभा महाराष्ट्र हलक्यातला हलका छकडा घेऊन तिथं जमला, तो दोन टनांच्या आसपासचं वाहन जिंकायला. फॉर्च्युनर मिळाली की तिला मागं ट्रॉली जोडून त्यात बैल चढवायचे आणि पुढच्या शर्यतीला जायचं. आणि 'ब्रेक फेल' हे शब्द जुन्या मोटारीच्या जाहिरातीत दिसले असते तर गिऱ्हाईक पळून गेलं असतं. बैलाचं नाव असलं की त्यानंच भाव चढतो.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे पारख. जुनी वस्तू विकणाऱ्याला तिच्याबद्दल सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला फक्त तिचा रंग माहीत असतो. ही दरी भरून काढायला बैलबाजारानं शेकडो वर्षं खर्ची घातली आहेत.

जाणता माणूस बैलाकडं आधी बघतच नाही. तो शेजारच्या बैलाची चौकशी करतो, तंबाखू मळतो, आणि मग सहज गेल्यासारखा जाऊन एका हातानं वेसण धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबून खाली करतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठांवर सगळा कारभार. दुधाचे दात असले तर आदत. मधले दोन पडून मोठे आले की दोन दाती, मग चार, मग सहा, आणि आठही आले की जुळला. जुळेपर्यंत दात खोटं बोलत नाहीत. जुळल्यावर मात्र पाच वर्षांचा आणि नऊ वर्षांचा बैल सारखाच हसतो. तिथं झीज बघावी लागते. ओठ सोडला की हात शिंगांच्या मुळाशी जातो, कारण शिंगं साळून, तेल लावून म्हाताऱ्याला नवरदेव करणारे कलावंत प्रत्येक बाजारात असतात. मग चारी खुरं, मग पाठीवरून हात, मग चालवून बघणं. शेवटी रुमाल. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातांवर एक रुमाल पडतो आणि त्याखाली बोटं धरून भाव ठरतो. तोंडानं दोघंही पावसाबद्दल बोलत असतात.

भाच्यानं मोबाइलवर पुण्याकडच्या एका गाडीचे फोटो दाखवले. छोटी, लाल, दोन आसनांची. आबांनी फोटो मोठा करायला लावला आणि थेट चाकापाशी गेले. रबरावर एक लंबगोल होता आणि त्यात चार आकडे. भाच्यानं सांगितलं की टायर कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते त्यावर असतं. ०९१९ म्हणजे २०१९ चा नववा आठवडा. आबांनी मांडीवर थाप मारली. "दात हाय की हा! आन् तू मघापासून काट्यावरचे किलोमीटर वाचूलालास. काटा फिरवता येतो, दात फिरत न्हाई." गाडी दोन वर्षांत जेमतेम चालली म्हणणाऱ्याचे टायर नवे का, आणि भरपूर चालली म्हणणाऱ्याचे जुनेच का, हे दोन्ही प्रश्न विचारायचे, हा धडा भाच्याला तिथंच मिळाला.

मग एकेक करून सगळंच जुळत गेलं. ट्रॅकवरून आलेल्या गाडीचा रंग दाराच्या कडेला वेगळा दिसतो का बघायचं, कारण धडकलेल्या गाडीला रंग देणं म्हणजे शिंगं साळणंच. एलिससारख्या चिकटवलेल्या सांगाड्याची गाडी एकदा वाकली की ठोकून सरळ होत नाही. पाय मोडलेला बैल पटाला येत नाही, त्यातलाच हा प्रकार. थंड इंजिन सुरू करून दाखव म्हणायचं. विकणाऱ्यानं ते आधीच गरम करून ठेवलं असेल, तर तो बैलाला सकाळी चार चकरा मारून आणलेला व्यापारी. उजवीकडं चालणारा बैल डावीकडं जुंपला की बावरतो. तशी डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी कुणी स्वस्तात देत असेल, तर तिची नोंदणी होणार नाही हे आधी समजून घ्यायचं.

विकणाऱ्यांच्या थापांतही फरक नाही. मोटारवाला म्हणतो, "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी काढायचे." बैलवाला म्हणतो, "घरच्या गाईचा गोऱ्हा हाय, पोटच्या पोरासारखा वाढवला." मोटारवाला म्हणतो, "दुसरी एक पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय." बैलवाला म्हणतो, "जालन्याचा एक बापू सकाळीच बोली लावून गेलाय." हे बापू आणि ती पार्टी आजवर कुणी बघितलेली नाही. पोटच्या पोरासारख्या गोऱ्ह्याला विकताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याच्याकडून घ्यावं, आणि ज्याला फार घाई आहे, त्याच्या घरी जाऊन आधी शेजाऱ्याला भेटावं, हा आबांचा नियम. भाच्यानं वहीत लिहून घेतला.

कागदपत्रांत मात्र बैलानं मोटारीला मागं टाकलं. मोटारीला नोंदणीचं पुस्तक, फॉर्म २९, फॉर्म ३०, कर्ज असेल तर बँकेचा दाखला, दुसऱ्या राज्यातली असेल तर ना-हरकत आणि शेवटी आपल्या जिल्ह्याची एमएच २२ ची पाटी. बैलाच्या कानात पशुसंवर्धन खात्यानं बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला टोचलेला असतो. बिल्ल्याशिवाय आता त्याची खरेदी-विक्रीही होत नाही. मोटारीची पाटी स्क्रू काढून बदलता येते, बैलाचा कान तसा नाही.

आणि पळवायचं म्हटलं तर बैलाच्या मागं जेवढे कायदे लागले तेवढे कुठल्याच मोटारीच्या मागं लागले नसतील. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या मे महिन्यात शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, पण पट सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला, आणि त्या कायद्यावर घटनापीठाचं शिक्कामोर्तब झालं ते १८ मे २०२३ ला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, धाव हजार मीटरच्या आत, काठी नाही, चाबूक नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम योग्यच आहेत. मुक्या जनावराला शर्यतीची हौस नसते, ती मालकाला असते. मोटारवाल्याला एवढा जाच नाही, पण त्याच्या विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत एक ओळ असते. शर्यतीत किंवा वेगाची चाचणी घेताना काही झालं तर कंपनी एक रुपया देणार नाही. म्हणजे ज्या कामासाठी गाडी घेतली, नेमकं तेच काम करताना विमा घरी झोपलेला.

बंदीच्या काळात कित्येक पटाचे बैल गोठ्यात उभे राहिले आणि तरीही खात राहिले. मोटार उभी राहिली तर निदान पेट्रोल पीत नाही, असं भाचा म्हणाला. तेव्हा समोरच्या घरातून आजींचा आवाज आला. पटाचा बैल दारात आला की घरची दुभती म्हैस त्याची होते, दूध त्याचं, अंडी त्याची, बदाम त्याचे, आणि माणसांना काळा चहा. "मोटारीला दूध लागत न्हाई आजी," भाचा म्हणाला. मग त्यानंच खर्च मोजून दाखवला. दिवसाची फी, टायरची जोडी, ब्रेकचे पॅड, ब्रेकचं तेल. आणि सगळ्यात मोठा खर्च गाडी तिथवर नेण्याचा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक इथून हजारेक किलोमीटर. कोइम्बतूरचा त्याहून लांब. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथं २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तो पाच किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा, पण पार दिल्लीच्या पलीकडं. आजींनी शांतपणे विचारलं, "म्हंजे चेन्नईला न्यायला गाडीला ट्रक, आणि ट्रकामागं तू एसटीनं?"

गाडी गावातच पळवू, असं एक तरुण म्हणाला. ते शक्य नाही. अशा गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसतं, आणि पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा जो गारा होतो त्यात ती टपासकट दिसेनाशी होईल, टप असता तर. वालूरमध्ये सलग सुंदर वळण म्हणाल तर ते एकाच ठिकाणी आहे, आणि ते जमिनीच्या खाली आहे. गावकऱ्यांनी गाळ उपसून स्वच्छ केलेली आमची जुनी बारव. तिच्या पायऱ्या गोल फिरत, एका लयीत पाण्यापर्यंत उतरतात. ज्यानं ती बांधली त्याला वळण कसं घ्यावं ते बरोबर कळलं होतं. आणि बारवेत घाईनं उतरणाऱ्याचं काय होतं ते सांगायला कुठल्या ट्रॅकवर जायला नको.

रात्री उशिरा निकाल लागला. आबांनी तो दिला तेव्हा त्यात मोटारीचा उल्लेखही नव्हता. पटातली गोष्ट अशी की तिथं पैसा मालकाचा जातो, नाव बैलाचं होतं आणि मजा धुरकऱ्याला येते. मालक बांधावर उभा राहून घड्याळात सेकंदाचे शंभरावे भाग मोजत असतो. मग ज्याला मजा हवी त्यानं मालक कामून व्हावं? आधी दुसऱ्याच्या छकड्यावर चढावं. चेन्नई-कोइम्बतूरला शर्यतीचं शिक्षण देणाऱ्या शाळा आहेत, गाडी त्यांची, टायर त्यांचे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक तर आपल्याच राज्यात आहे, आणि कार्टएवढं हलकं चारचाकी वाहन चॅपमनलाही साधलं नाही. तिथं दोन-चार दिवस पळवून बघावं. मणक्यानं आणि बायकोनं तक्रार केली नाही, तर पुढची बोलणी.

जुनी, हलकी आणि पळणारी वस्तू घ्यायची इच्छा मोटारीची असो की बैलाची, ती विचारानं जात नाही आणि उपदेशानं तर वाढते. म्हणून ज्यांना ही बाधा झाली आहे त्यांना एवढंच सांगणं. जिंकायची हौस असेल तर जोडी विकत घ्या आणि म्हैसही घ्या. पळवायची हौस असेल तर दुसऱ्याची पळवा. आणि नुसती बघायची हौस असेल तर एसटीचं तिकीट काढा. तिन्हींत स्वस्त तेच आहे, आणि त्याला कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही.